चार फुटांच्या आत

व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातला खिएम साध्या प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्याने चाळीस वर्षं ब्लॅक-अँड-व्हाइट फोटो काढत आला. भिंतीवरच्या सावल्या, ओल्या पायऱ्या, सुपारीची झाडं. बायको न्यान टोमणा मारायची, "माणूस सोडून सगळं दिसतं तुम्हाला."

यंदा काविळीने तिने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा म्हणाली, "पूर्वजांच्या फोटोंशेजारी लावायला माझा एक काढा. तुमच्या फिल्मवर पिवळेपणा तरी दिसणार नाही."

चार फुटांच्या आतलं त्या कॅमेऱ्याला नीट दिसत नाही, हे खिएमला पाठ होतं. तरी तिच्याकडे बघता बघता तो पुढे सरकत गेला.

फिल्म धुतली तोवर न्यान गेली होती. फोटोत तिचा चेहरा पुसट होता. मागच्या भिंतीवरची सुपारीची सावली मात्र पानन् पान स्पष्ट आली होती.