बोरीच्या मास्तरांचा बसलेला आवाज

"डॉक्टरसाब, इनकु अगले जुम्मे तक बोलता करो," अमीनसाहेब म्हणाले आणि माझ्या टेबलावर टोपी ठेवून बसले. अमीन म्हणजे तेव्हाचे पोलीस सब-इन्स्पेक्टर. त्यांच्यामागे बोरीच्या शाळेचे गोविंदराव मास्तर उभे होते आणि मास्तरांच्या मागे त्यांची बायको, कावेरीबाई. दोघं सकाळी बैलगाडीनं जिंतूरला आले होते. निजामाचं राज्य होतं. जिंतूरच्या सरकारी दवाखान्यात मी एकटाच डॉक्टर होतो.

"काय होतंय?" मी मास्तरांना विचारलं.

मास्तरांनी तोंड उघडलं. ओठ हलले, नुसता वारा बाहेर आला.

"तीन आठवडे झाले," कावेरीबाई म्हणाल्या. "सकाळी शाळेत गेले आन् हजेरी घ्यायला उभे ऱ्हायले, तर आवाजच फुटंना. तवापासून असंच हाय. जेवायलेत, फिरायलेत, लिहायलेत. बोलणं तेवढं न्हाई."

"ढोंग आहे," अमीनसाहेब म्हणाले. "पुढच्या शुक्रवारी अदालतीत यांची गवाही आहे. म्हणून घसा बसला."

मी अमीनसाहेबांना बाहेर बसायची विनंती केली. ते नाराजीनं उठले, पण टोपी टेबलावरच ठेवून गेले.

घसा तपासायला लांब दांडीचा छोटा गोल आरसा असतो. त्यावर वाफ धरू नये म्हणून तो आधी दिव्यावर कोमट करायचा आणि जीभ ओढून घशात धरायचा. आत दोन पांढऱ्या पट्ट्या दिसतात. माणूस बोलतो तेव्हा त्या जवळ येतात, म्हणून आवाज निघतो. मास्तरांच्या पट्ट्या स्वच्छ होत्या. सूज नाही, गाठ नाही. "आ म्हणा," म्हटलं की मात्र त्या जवळ येता येता थांबत.

मग मी म्हटलं, "खोका."

मास्तर खोकले. चांगला खणखणीत खोकला. पट्ट्या जवळ आल्याशिवाय असा खोकला निघत नाही. म्हणजे यंत्र शाबूत होतं. ढोंगी माणूस खोकलासुद्धा जपून, पोकळ काढतो. मास्तरांनी जपलं नाही. आपला खोकला ऐकून ते स्वतःच दचकले.

मी पाटी पुढे सरकवली. "त्या सकाळच्या आदल्या दिवशी काय झालं?"

मास्तरांनी पेन्सिल उचलली. मग लिहिलं ते थोडक्यात असं. बोरीत किसन शिंपी म्हणून त्यांचा मित्र होता. त्याच्या दुकानात निजामानं बंदी घातलेला पुण्याकडचा पेपर चोरून यायचा. संध्याकाळी दहा-बारा माणसं जमायची आणि मास्तर पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. शाळेत दिवसभर उर्दूत शिकवायचं. पोरांना अर्धं कळायचं नाही, यांना स्वतःलाही सगळं यायचं नाही. मराठीत मोकळं बोलायला मिळायचं ते तिथं. अमीनसाहेबांनी एक दिवस बोलावून विचारलं, पेपर कोण मागवतं? नोकरी जाईल म्हणाले. मास्तरांनी किसनचं नाव सांगितलं. किसनला त्याच संध्याकाळी उचललं. दुसऱ्या दिवशी मास्तरांचा आवाज गेला.

खाली त्यांनी एकच ओळ लिहिली: "मी मुद्दाम करीत नाही."

मला हा आजार माहीत होता. हैदराबादला शिकताना असे दोन रोगी पाहिले होते. मनाला जे पेलत नाही ते शरीर आपल्या अंगावर घेतं. इलाजही माहीत होता. माणसाला धीर द्यायचा, खोकल्यातून हुंकार, हुंकारातून अक्षर असं हळूहळू आणायचं. दहा-पंधरा दिवसांचं काम. पण बोलता झाला की पहिली गोष्ट काय, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून मित्राच्या विरुद्ध साक्ष! मी डॉक्टर होतो की पोलिसांचा माणूस, हेच मला कळेना.

बरं, इलाज न करावा तर कागद आडवा येत होता. अदालतीच्या फॉर्मवर तीनच रकाने होते. रोगी ढोंगी आहे, रोगी कायमचा मुका आहे, रोगी वेडा आहे. ढोंगी म्हटलं तर मास्तर तुरुंगात. मुका म्हटलं तर नोकरी जाणार, वर कायमच्या मुक्याची लेखी साक्ष चालते, ती घेणारच. वेडा म्हटलं तर हैदराबादच्या वेड्यांच्या इस्पितळात रवानगी. तिथून परत आलेला माणूस जिंतूर तालुक्यात कुणी पाहिला नव्हता. मी फॉर्म उलटून पाहिला. मागे कोराच होता.

मी रकाने सोडून खाली खरं ते लिहिलं: स्वरयंत्र निरोगी, आवाज भीतीमुळे गेला आहे, रोग्याची चौकशी बंद झाल्यास तो बरा होईल. फॉर्म परभणीला सिव्हिल सर्जनसाहेबांकडे पाठवला. ते माझे वरिष्ठ. त्यांच्या सहीशिवाय अदालत काही मानत नसे.

तीन दिवसांत फॉर्म परत आला. वर शेरा होता: 'भीती हा रोग नाही. शिवाय सरकारच्या राज्यात इमानदार रयतेला भीती कशाची, याचा खुलासा करावा. रोग्याच्या घशाला विजेच्या बॅटरीचे झटके देऊन पाहावे.'

बॅटरी दवाखान्यात होती. लाकडी पेटी, दोन तारा. वेदनेनं माणूस ओरडतो आणि आवाज फुटतो, असा तो इलाज. पुष्कळदा लागूही पडतो. ज्याला बोलायचीच धास्ती बसलीय त्याला ओरडेपर्यंत झटके द्यायचे! मी तो फॉर्म टेबलावर आपटला.

आमचे कंपाउंडर रहीमभाई पुड्या बांधत होते. माझ्या दुप्पट नोकरी झालेला माणूस. मान वर न करता म्हणाले, "सूजन लिखो साब."

"सूज नाहीये रहीमभाई. मी आरशानं पाहिलं."

"मेरेकु मालूम है. पन सूजन में किसीकी बेइज्जती नै होती. ना मास्तर की, ना सरकार की."

मला राग आला. रहीमभाईंचा नव्हे, त्यांचं बरोबर असल्याचा. मी नवा फॉर्म घेतला. 'स्वरयंत्रास जबर सूज. विजेचा प्रयोग धोक्याचा. तीन महिने मौन आणि घशाला आयोडिनचा लेप.' सूज उतरणारी, म्हणून मुका नाही आणि लेखी साक्षही नाही. दिसणारी, म्हणून ढोंग नाही. घशातली, म्हणून वेड नाही. आयुष्यात मी लिहिलेला पहिला खोटा रिपोर्ट. त्यावर चौथ्या दिवशी सही होऊन आली.

अमीनसाहेब फॉर्म घेऊन आले. "तीन महिने?"

"सूज आहे साहेब. मी काय करू?"

त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात घातली. "यानंतर तुमची बदली होईल, डॉक्टर."

शुक्रवारची तारीख पुढे गेली. पुढची आली, तीही गेली. साक्षीदार मौनात, आणि पेपरची एक जुनी घडी सोडून दुसरा पुरावा नाही. मुन्सिफसाहेब, म्हणजे तिथले न्यायाधीश, कंटाळले आणि त्यांनी किसनला ताकीद देऊन सोडून दिलं.

मास्तर दर आठवड्याला लेपासाठी यायचे. मी लेप लावायचो आणि दार लावून खोकल्याचा हुंकार करून घ्यायचो. हुंकार यायचा, पुढे काही नाही. किसन सुटला त्या आठवड्यात मला वाटलं, आता आवाज येणार. नाही आला. मी चिडलो. मास्तरांवरसुद्धा चिडलो, हे कबूल करतो.

मग एक दिवस किसनच त्यांच्याबरोबर दवाखान्यात आला. काटकुळा माणूस, कानामागे खडू. त्यानं माझ्यासमोरच विषय काढला.

"मास्तर, माझं नाव तुमी घेतलं ते मला पयल्याच दिशी कळलं. मी तुमच्या जागी आस्तो तर घेतलं नस्तं. उगं खोटं कशाला बोलू? पन तुमी भित्रे हायत हे मला लय आधीपासून ठावं हाय. तरीबी दुकानात बसू देत व्हतो की."

मास्तरांचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. ते किसनकडे वळले. मग घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणाले, "लेकरं कशी हायत?"

"बरी हायत," किसन म्हणाला आणि तोंड फिरवून खिडकीकडे बघायला लागला.

पुढे आवाज येत गेला, पण पहिल्यासारखा कधीच झाला नाही. मास्तरांनी शाळा सोडली आणि शेती बघू लागले. किसनच्या दुकानात पेपर आता दुसराच कुणी वाचायचा. मास्तर मागे बसून ऐकायचे. माझी बदली झाली, ती पार तेलंगणाकडे. सिव्हिल सर्जनसाहेबांनी मात्र आयोडिनच्या लेपाचा गुण पाहून जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांना तो वापरण्याचा हुकूम काढला.

पुढं राज्य गेलं, फॉर्म बदलले, रकानेही वाढले. मी रिटायर होईपर्यंत एक सवय ठेवली. घसा बसलेला माणूस आला की आरसा कोमट होईस्तोवर त्याला विचारायचं, "आवाज परत आला, तर तुम्हाला काय बोलावं लागणार आहे?" निम्म्यांना माझा प्रश्न वेडगळ वाटायचा. बाकीचे आधी दाराकडे बघायचे.