कनाती काढल्या तो दिवस

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या लष्करी मेडिकल डिटॅचमेंटला सोलापूरला धाडलं. वळसंगजवळ खडीकामावर जुलाब-उलट्यांची साथ होती. मी नायक, नर्सिंग असिस्टंट. लढाईवरून नुकताच परतलो होतो.

काम ठरलेलं. सकाळी विहिरीत ब्लीचिंग पावडर, मग झोपड्यांची फेरी, मग सलाईन. धूळ नको म्हणून तंबूला चारी बाजूंनी कनाती लावल्या होत्या. दारावर पहारेकरी. नातेवाइकांना आत बंदी. शिस्त चोख, पण लोकांनी आमचीच धास्ती घेतली. आम्ही दिसलो की झोपड्यांची दारं लागायची.

"तंबूत गेल्यालं मानूस माघारी येत न्हाय," बायका म्हणायच्या.

एका सकाळी खडी फोडणारी काशीबाई तंबूतच वारली. आणलं तेव्हाच तिची नाडी लागत नव्हती.

आमचे डॉक्टर कॅप्टनसाहेब म्हणाले, "आत्ता बाहेर बोलू नका. पॅनिक होईल."

मी म्हणालो, "सर, लढाईत माझा दोस्त गणपत पडला. करकंबला त्याच्या घरी आधी अफवाच पोचल्या. त्याच्या आईनं तारेवरही विश्वास ठेवला नाही. मी समोर जाऊन सांगितलं, तेव्हा ती रडली."

साहेब उठून उभे राहिले. मग म्हणाले, "कनाती काढा. मीच सांगतो."

खडीच्या ढिगापाशी सगळे जमले. काशीबाईचा नवरा सिद्राम पुढं होता. साहेबांनी टोपी काढली.

"काशीबाई गेली. आम्ही सलाईन लावलं, पण अंगातलं पाणी संपलं होतं. लवकर आणलेलं माणूस बहुतेक वाचतं. सगळेच वाचतील असं मी म्हणणार नाही."

"सुईनंच मारली की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असं वाटलं.

सिद्रामनं मान वर केली. "न्हाय. म्याच तिला झाकून ठिवली व्हती. तुमच्या भ्यानं." मग तो झोपडीकडं वळला. "सूनबी पडलीया आत. चला, उचला तिला."

काशीबाईला माती देऊन सिद्राम संध्याकाळी उघड्या तंबूत सुनेच्या उशाशी येऊन बसला. बाटली संपत आली की मला हाक मारायचा. सून वाचली. पुढं लोक आपणहून माणसं आणू लागले.

आता मी पेन्शनीत. युनिटच्या स्मृतिदिनी शुक्रवार पेठेतल्या घरीच उभा राहून पडलेल्यांची नावं घेतो. गणपतचं घेतो, आणि शेवटी काशीबाईचं.

"ही काशीबाई कुठल्या पलटणीची हो?" बायकोनं एकदा विचारलं.

"आमच्याच," मी म्हणालो.