डांबर खरवडणारे मिस्तरी

वैशाखातली दुपार. आमचे हे काही केल्या डोळे उघडेनात. अंग भाजत होतं, घामाचा टिपूस नव्हता आणि पंखा गरम वारा फेकत होता. मी ओरडले, तशी शेजारी प्लास्टर करणारे मिस्तरी कुंपणावरून उडी टाकून आले. ओल्या चादरीत यांना गुंडाळलं आणि रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, "त्याच खोलीत ठेवलंत तर पुढचा उन्हाळा कठीण आहे."

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, "नानांना मी घेऊन जातो."

हे म्हणाले, "मरेन तर जळगावात."

मिस्तरी विचारपूस करायला आले आणि थेट गच्चीवर गेले.

"अक्का, हाई छत नही, तवा शे. डांबर कोनी फासं?"

"मी. छत गळत होतं." आमच्या गल्लीत सगळेच फासतात.

"गळती थांबनी, नाना भाजाई ऱ्हायनात."

तुम्हीही असे मिस्तरी पाहिले असतील, घरमालकाला त्याच्याच घरात रागावणारे. आमचे मिस्तरी पहाटे येत आणि ऊन चढलं की उतरत. डांबर खरवडून त्यांनी पांढऱ्या टाइलांचे फुटके तुकडे बसवायला घेतले. मी माझ्या फुटक्या कपबश्या दिल्या. निळ्या फुलाचे तुकडे त्यांनी परत केले. "रंग नको, अक्का. पांढरंच ऊन मांगे फिरावस." कबुतरांमुळे मी बुजवलेले खोलीचे झरोकेही फोडले आणि जाळी लावली. मी भांडले. त्यांनी ऐकलं नाही.

अर्धी गच्ची झाली तेव्हा मुलगा आला. "मिस्तरी, एवढा खटाटोप कशाला? एसी लावतो ना."

"लावा ना, भाऊ. पन आधी डोक्यावरली चूल इझवा. बूट काढा."

भरदुपारी मुलगा अनवाणी डांबरावर उभा राहिला आणि बेडकासारखा पांढऱ्या अर्ध्यात उडाला. तिथे मात्र पाय टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "एक उन्हाळा बघतो. नाही जमलं तर नानांना नेणार."

पावसाआधी सगळी गच्ची पांढरी झाली. दिवाळीनंतर मिस्तरी चोपड्याला, आपल्या गावी, छातीत कळ येऊन वारले.

वैशाख पुन्हा तसाच तापला. वीजही जायची. हे त्याच खोलीत दुपारभर घोरायचे. मुलाचा रोज फोन यायचा, "नाना कसे आहेत?" मी फोन यांच्या नाकाशी धरायचे. पुढे त्यानं विचारणं सोडलं.

आता गल्लीत कुणी डांबराचा डबा आणला की मी त्याला आधी आमच्या गच्चीवर चढवते, चपला काढून. कुणाचं काम आहे तेही सांगते.

तो उन्हाळा यांनी काढला, मी काढला. मिस्तरींनी पाहिला नाही.