गजभियेबाईंच्या तोंडून

ये बाई, मोबाइल घेऊन अशी जवळ सरकून बस. तिकडं लांब बसून अर्धं वाचायचं, अर्ध्यावर भाजी ढवळायला उठायचं आणि मग "आजी, तिचं पुढं काय झालं हो?" असं मलाच विचारायचं — हे आज चालणार नाही. गॅस बंद कर आधी. केला? हं, आता ऐक.

तुमच्या या मोबाइलवरच्या पानावर लोक भुताचं काय काय लिहितात... चिंचेवरची बाई, उलट्या पावलांची बाई. मी वाचते आणि हसते. माझा अशा गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. अंगात आलेली बाई दिसली की मी म्हणायची, हिला आधी पोटभर जेवू घाला. आमचा धंदाच तसा होता ना! माती, पाणी, ऊन, हवा. त्यात भुताला जागा कुठली?

साल असेल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर. नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत आम्ही राहायचो, मागच्या खोलीत माझा निसर्गोपचार. कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही. माझे चुलतसासरे वर्धेकडं राहून मातीचे उपचार शिकून आले होते, त्यांच्या हाताखाली शिकले. पोटावर काळ्या मातीची पट्टी, कटिस्नान, वाफ, मालिश. पण हळूहळू माझ्या ध्यानात एक आलं — पोट दुखतं म्हणून आलेल्या बाईच्या पोटावर नुसता हात ठेवून गप्प बसलं, तिच्या श्वासाला आपला श्वास जुळेपर्यंत थांबलं, की ती रडायला लागते. मग भडाभडा बोलते. आणि उठते तेव्हा पोट दुखत नसतं! मी "काय झालं?" असं कधी विचारायची नाही. "कुठं आहे ते?" एवढंच विचारायची. बाया बरोब्बर बोट ठेवायच्या... कुणी गळ्यावर, कुणी बरगडीखाली. माझी पुण्याची नात म्हणते, आजी, याला आता सोमॅटिक सायकोथेरपी म्हणतात, लोक परदेशात जाऊन शिकतात. म्हणत असतील बापा.

काकांनी, म्हणजे या चुलतसासऱ्यांनी, एक नियम घालून दिला होता. एका अंगाला हात लावला की दुसऱ्या अंगाला लावायच्या आधी कोपरापर्यंत थंड पाण्यानं हात धुवायचे. काहून, म्हणून मी विचारलं तर म्हणाले, "धुवाचे म्हंजे धुवाचे." मी समजले, स्वच्छतेसाठी असेल.

तर मे महिना. दारांना वाळ्याचे पडदे, तरी भट्टीसारखी खोली. काटोलहून एक सासू-सून बसनं आल्या. संत्र्याचा बगीचा असलेलं बरं घर. सून सिंधू, वीस-बावीसची. पहिलं बाळंतपण घरीच झालं, मुलगी मेलेलीच जन्मली. त्यानंतर चार-सहा महिने होत आले, पोरीनं तोंड उघडलं नव्हतं. सांगितलं ते काम करायची, वाढलं तर जेवायची, पण शब्द म्हणून नाही. डॉक्टर झाले, भगत झाला. घसा ठीक, जीभ ठीक.

सासू शेवंताबाई मला ओसरीवर नेऊन म्हणाली, "ताई, माह्या पोरानं ठरवलं हाये. येत्या सोमवारी इले पागलखान्यात भरती करतो म्हनते. मंग दुसरी बायको पाहाची म्हनते. तिथं गेलेली बाई वापस येते का वं? तुमी काई बी करा, पन इले बोलती करा."

मला वाटलं, बरी सासू आहे, सुनेवर माया करते.

दोन दिवस मी सिंधूवर काम केलं. पोटावर माती, वरून माझा हात. "सिंधू, कुठं आहे ते?" ती छताकडं बघायची. श्वास छातीपर्यंत यायचा आणि गळ्याशी अडायचा, दाराला कुणी आतून पाठ लावून उभं राहावं तसा. दुसऱ्या दिवशी दुपारी तर तिचं अंग असं ताठ झालं की माझ्या हातालाच मुंग्या आल्या. शब्द मात्र नाही.

तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज, "अहो मालूताई! माझ्या खांद्यावरची माती वाळून वीट झाली. आता भिंत बांधता का माझ्यावर?"

या गजभियेबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. पन्नाशीच्या पुढं, लग्न केलेलं नाही. छप्पन साली घरादारासोबत दीक्षा घेतली, आणि देव-भूत-नवस सगळं तेव्हाच मागं सोडलं. त्यांच्यापुढं कुणी नजर लागली म्हणालं तर "सिद्ध करून दाखवा" म्हणायच्या. खांदा धरला होता म्हणून माझ्याकडं यायच्या, आणि मलाही उलटतपासणी करायच्या — मातीत नेमकं काय असतं, हात ठेवल्यानं नेमकं काय होतं...

"आले, आले!" म्हणून मी उठले. हात धुवायला गेले तर बादली कोरडी. त्या दिवशी नळच आला नव्हता, होतं नव्हतं ते पाणी माती भिजवण्यात गेलं होतं. पदराला हात पुसले आणि गेले. बाई कुशीवर निजल्या होत्या. खांद्यावरची माती काढली, एक हात पाठीवर ठेवला आणि सवयीनं विचारलं, "कुठं आहे ते?"

बाईंचं अंग ताठ झालं. श्वास वर आला... आणि गळ्याशी अडला. अगदी तस्सा. माझ्या हाताला त्याच मुंग्या.

आणि मग त्या बोलल्या. गजभियेबाई पुस्तकातलं मराठी बोलायच्या हो! आणि हा आवाज कोवळा, काटोलकडचा —

"थे रडली होती. म्या आयकलं. एकडाव मोठ्यानं रडली, मंग बारीक, मांजरीच्या पिलावानी. मंग आत्याबाईनं तिले आतल्या खोलीत नेलं आन् दार लावलं. म्या म्हनलं माही पोरगी रडली, तं आत्याबाई म्हने तुले भास झाला, थे मेलेलीच आली. म्या आयकलं वं... म्या आयकलं..."

माझा हात पाठीवरून निघेना. काढायचं सुचलंच नाही म्हणा.

मागं ठणकन आवाज झाला. शेवंताबाई दारात उभी, पितळी गिलास खाली पडलेला. चेहरा असा की मी पुढं होऊन तिला धरलं.

"कोनं सांगतलं इले?" ती म्हणाली. "मी आन् सुईन, दोघीच होतो आतमंदी. सुईन तं मरून गेली. म्या माह्या पोराले बी नाई सांगतलं. ह्या बाईले कोनं सांगतलं?"

"शेवंताबाई, खरं आहे का हे?"

ती खालीच बसली. "रडली होती. घटकाभर होती, मंग गेली. मले वाटलं, जिती होती म्हनून सांगतलं तं ही पोरगी जीव देईन. मेलेलीच आली म्हनलं म्हंजे लवकर इसरन. चांगल्यासाठीच केलं वं ताई... माह्या लेकराची शपथ, चांगल्यासाठीच..."

पडदा हलला. सिंधू उभी होती. पोटावरच्या मातीचे गोळे पायाशी पडत होते आणि ती चालत आली. सासूपुढं उकिडवी बसली. तोंड उघडलं, बंद केलं, परत उघडलं. आवाज फुटला तो गंजल्या कडीसारखा.

"कोनासारखी होती, आत्याबाई?"

बस. एवढंच विचारलं तिनं.

शेवंताबाईनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं. "तुह्यावानीच वं बाई. नाक तुह्यं होतं. केसं लय होते डोक्यावर."

आणि मग त्या दोघी ज्या रडल्या... मी इतकी वर्षं माणसं रडवली, तसं रडणं पुन्हा ऐकलं नाही.

"कोण रडतंय?" मागून आवाज आला. गजभियेबाई उठून बसल्या होत्या, स्वतःच्याच आवाजात. "मला झोप लागली का? आणि ताई, माझी छाती का दुखतेय? दगड ठेवल्यासारखी."

मी पाहिलं आणि पाहतच राहिले. त्यांचं पोलकं पुढून ओलं होतं. घाम म्हणशील — घाम पाठीला असता. मातीचं पाणी म्हणशील — ते काळं असतं. हे पांढुरकं होतं. बाईंनीही पाहिलं. पदर ओढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. त्या बाईच्या डोळ्यांत मी कधी भीती पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली.

"मालूताई, मी काय बोलले?"

मी सांगितलं. जसंच्या तसं. त्या उठून चपला शोधू लागल्या. मग म्हणाल्या, "त्या दोघींचं बोलणं माझ्या कानावर पडलं असेल, आणि झोपेत..."

"पण बाई, ती बोलतच नव्हती. आणि सासूनं कुणाला सांगितलंच नव्हतं."

"मग दुसरं कारण असेल," असं म्हणून चपला घालून गेल्या. पुढं एका लेडी डॉक्टरला दाखवलं त्यांनी. ती म्हणाली, वय बदलताना असं होतं कधी कधी. होत असेल. पण मग ती बोली? ते मांजरीचं पिल्लू? गजभियेबाई नंतरही माझ्याकडं यायच्या, खांदा बरा होईपर्यंत. पण निजायच्या आधी दटावायच्या, "ताई, हात दाखवा. धुतले?" आणि मी हसायला गेले तर त्या हसायच्या नाहीत.

सिंधूला सोमवारी कुठंही नेलं नाही. ती काटोलला परत गेली, आणि दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री उतरली तेव्हा नवऱ्याला घेऊन संत्र्याची टोपली द्यायला आली. इतकी बोलत होती की नवरा म्हणाला, "ताई, आता इले चूप करन्याची माती द्या." ती टोपली शेवंताबाईनं पाठवली होती म्हणे, पण ती स्वतः नंतर कधी माझ्या दारात आली नाही.

मी काकांना विचारलं होतं बरं. सगळं सांगून विचारलं, हे काय झालं? त्यांनी ऐकलं, उठले आणि अंगणात जाऊन माती चाळत बसले. त्यांना हे आधीपासून माहीत होतं, का तेही घाबरले होते, हे मला अजून कळलेलं नाही. नातीला सांगितलं तर तिनं इंग्रजीतले चार शब्द सांगितले, पण त्यातला एकही त्या पांढुरक्या ओलीपर्यंत पोचला नाही.

चल, झालं माझं सांगून. आता वाचून झालं, तर खरीखुरी माझ्या घरी ये. नुसतं "येते, येते" नको, दिवाळीपर्यंत थांबूही नको. मी एकटीच असते दुपारची, चहा टाकते. तुझ्याही एखाद्या खऱ्या गोष्टीला कुणी भास म्हटलं असेल, तर तीही घेऊन ये... माझे गुडघे गेले, पण कान शाबूत आहेत अजून. लवकर ये वं.