विमा उतरवलेली नाव

वारा सुटला की नाववाले मामू आधी पायातल्या चपला काढायचे. मग ते बाजारात असोत, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या पंगतीत. "बुडताना चपला लय वडतात," असं म्हणून अनवाणीच नदीकडं पळायचे, नाव जागेवर आहे का बघायला. आम्ही पोटभर हसायचो. कृष्णाकाठी जन्मलेल्या, नावेवर पोट असलेल्या माणसानं इतकं भ्यावं, हे काही आमच्या डोक्यात शिरायचं नाही.

आमचं गाव सांगलीजवळचं. नदीपलीकडं वांग्याचे मळे आहेत, तिकडं कामाला जाणाऱ्या बायकांना मामू नेऊन सोडायचे. झाडाचं पान हललं की फेरी बंद. "आवं मामू, ह्ये वारं न्हवं, कुनीतरी फुकलंय," अशी बायका त्यांची टिंगल करायच्या. मामू आभाळाकडं बघत म्हणायचे, "फुकनारा कोन हाय त्ये आदी बगू द्या." आणि खुशाल काठावर बिडी ओढत बसायचे. मजुरी बुडाली म्हणून बायका शिव्या घालायच्या, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याच नावेत बसायच्या. शेजारगावच्या नाववाल्यांवर त्यांचा भरवसा नव्हता.

ही भीती उगाच नव्हती. मागच्या महापुरात त्यांची लाकडी नाव पुलाच्या खांबावर आपटली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत फुटली. पुढं मामींचे दागिने मोडून त्यांनी फायबरची नवी नाव घेतली. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. शेवटी मिरजेच्या एका एजंटला गाठून त्यांनी नावेचा विमा उतरवला, वादळाचा आणि पुराचा. एजंट बजावून गेला, इशारा आला की नाव काठावर ओढायची, साखळीनं घट्ट बांधायची, हयगय केली तर क्लेम विसरा. शाळेखालच्या चिंचेला बांधलेल्या नावेचा त्यानं मोबाइलवर फोटोही काढला. मामूंनी ते मनावर कोरून ठेवलं. "फोटूत हाय तशीच पायजे," असं ते येईल त्याला सांगायचे. मला तर दोनदा नेऊन दाखवलं.

आता नदीकाठचं शेंबडं पोरही सांगेल, चढत्या पाण्यात नाव आखडून बांधत नाहीत. दोराला ढील देतात, म्हणजे पाण्याबरोबर नाव वर येते. मामूंनी आम्हालाच हे शिकवलं होतं.

त्या पावसाळ्यात नदी फुगली तेव्हा साखळी आखूड होती. वारा असा होता की शाळेचे पत्रे खडखडत होते. मामी म्हणाल्या, "आवं, ढिली करा की. पानी चढतंय." मामूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ढिली केली आन् वाऱ्यानं आपटली, तर कंपनी काय म्हनंल? घट्टच ऱ्हाऊ दे." थोड्याच वेळात पाणी चिंचेच्या बुंध्यावर चढलं. साखळीनं नावेचं नाक खाली धरून ठेवलं, मागची बाजू उचलली, आणि गटागटा पाणी पिऊन नाव दिसेनाशी झाली. साखळीचं कुलूपही पाण्याखाली गेलं. मामू नुसते बघत राहिले.

तेवढ्यात माझं लक्ष आमच्या घराकडं गेलं. मी म्हैस घेऊन उंचावरच्या शाळेकडं आले होते. धान्य माळ्यावर चढवायला आई घरी थांबली होती. ओढ्याकडून पाणी फिरलं आणि वाट गेली. आई आमच्या स्लॅबवर एकटी उभी होती, साडी अंगाला चिकटलेली. ती हाक मारत होती, पण वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. गावात दुसरी नाव नव्हती. मी रडत मामूंचा हात धरला.

"गुऱ्हाळावरची काहिल काढा रं," मामू म्हणाले.

गूळ शिजवायची ती मोठी लोखंडी कढई. पुरात आमच्याकडं तीच नाव होते, पण ती सरळ जात नाही, गरागरा फिरते. मामू बांबू घेऊन अनवाणीच तिच्यात बसले.

"मामू, वारं लय हाय," मी म्हणाले. मीच त्यांना गळ घातली होती, आणि आता मलाच भीती वाटत होती.

"दिसतंय की गं," ते म्हणाले. ओठांत अल्लाचं नाव चालू होतं.

आईला त्यांनी आणलं. ती माझ्या गळ्यात पडली, तोवर मामूंनी काहिल परत वळवली होती. आमच्या शेजारची म्हातारी अजून छपरावर होती. मामी काठावरून ओरडत होत्या, "बास करा आता." विजेच्या खांबापाशी वाऱ्याचा एक झोत आला. काहिल खांबावर आदळली, कलंडली. पुढं नुसतं पाणी. म्हातारीला नंतर मदतीला आलेल्या जवानांच्या बोटीनं उतरवलं. मामू दोन गावं पुढं सापडले.

काही महिन्यांनी क्लेम पास झाला. पाहणीला आलेल्या साहेबांनी चिखलातली नाव बघितली, चिंचेची साखळी बघितली आणि म्हणाले, अगदी नियमाप्रमाणं बांधली होती. पैसे मंजूर झाल्याचा मेसेज आला तेव्हा मामी फोन घेऊन आमच्याकडं आल्या. इंग्रजी होता, मी वाचून सांगितला. आई त्यांचा हात धरून बसली होती. मामींनी फोन परत घेऊन पदराला पुसला.

मग म्हणाल्या, "नावंचा इमा उतरवला त्येंनी. सोताचा उतरवायचं कुनाच्या ध्यानातच न्हाई आलं गं, पोरी."