घर आणि मैदान

समजा, तुमच्यापुढे एक गाडी उभी आहे. आठवडाभर तिनं सिग्नलला निमूट थांबायचं, भाजी आणायची, पार्किंगमध्ये अंग चोरून उभं राहायचं. रविवारी मात्र शर्यतीत जीव तोडून पळायचं. गाडी एक, इंजिन एक. तुमच्या मांडीवर लॅपटॉप, त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडलेली. सांगा, कुठून सुरुवात कराल?

माझी मावशी कानापासून करते. डोक्यावर हेडफोन, त्याचा माइक थेट इंजिनाच्या अंगावर चिकटवलेला. टर्बोला ती फुंकर म्हणते, म्हणून गॅरेजच्या गल्लीत तिलाच सगळे फुंकरमावशी म्हणतात. "इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चक्र फिरवतो आणि ते चक्र बाहेरची हवा आत कोंबतं. विस्तवाला घालतो तशीच फुंकर. बेताची घातली तर जाळ, जोरात घातली तर डोळ्यांत राख."

राख म्हणजे काय, तर दाब वाढला की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेटतं आणि इंजिन आतून ठोके खातं. शर्यतीचं खास पेट्रोल हा दाब सोसतं, पंपावरचं साधं सोसत नाही. म्हणून मावशी एकाच गाडीत दोन सेटिंग भरते आणि डॅशबोर्डवर खटका बसवते. एका बाजूला 'घर', म्हणजे साध्या पेट्रोलासाठी बेताची फुंकर; दुसऱ्या बाजूला 'मैदान', म्हणजे शर्यतीच्या पेट्रोलासाठी जोराची. शर्यतीच्या ट्रॅकला तिच्या तोंडी मैदानच.

गेल्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई अशीच खटका बसवलेली गाडी घेऊन परत आल्या. चेहरा पडलेला.

"मावशी, सेटिंग 'घर'वरच आहे, टाकीत साधंच पेट्रोल. तरी डॅशबोर्डवर इंजिनाच्या बिघाडाचा दिवा लागला. आमचे हे म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. रविवारी धड पळाली नाही तर सगळं काढून टाकायचं आणि माझी शर्यतही बंद."

"आधी तोंड तर उघडू दे तिला," मावशी बॉनेट उचलत म्हणाली. "तुमच्या खुर्चीत मी कधी घाई केली का?"

तिनं स्पार्क प्लग काढले. एकाच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक चकाकते ठिपके होते.

"पिस्टनचा धातू. ठोक्यानं उडालाय."

"कीड लागली म्हणायची?"

"लागली, पण मुळापर्यंत गेली नाही." तिनं प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासला, सगळीकडे सारखा भरला. स्वतः चक्कर मारली, गाडी मांजरासारखी गुरगुरली. ठोका नाही. "डॉक्टर, ही अजून कोण चालवतं?"

"सकाळी बाबा, माझे सासरे. पण ते इतकी हळू चालवतात की सायकलवालेही पुढे जातात."

मावशीच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासऱ्यांच्या शेजारी गाडीत जाऊन बसली.

काकांनी पट्टा लावला, चष्मा पुसला आणि शांतपणे खटका 'मैदान'वर टाकला.

"अहो काका, हे काय?"

"मैदानावर फिरायला निघालोय ना? येताना 'घर' करतो. कधी विसरत नाही हं!"

मावशी पोट धरून हसली. पण हसू ओसरल्यावर तिला नवीनच कोडं पडलं. इतक्या हळू चालवताना फुंकर उठतेच कुठे? मग ठोका कसला? "चला तर," ती म्हणाली आणि हेडफोन चढवला.

मैदान टेकडीवर होतं. चढ लागला तरी काका चौथ्या गियरमध्येच. वेग उतरला, गाडी धापा टाकू लागली, काकांनी पाय पार खाली दाबला. टक. टकटक.

मावशीनं झटकन खटका फिरवला. "गियर उतरवा, काका!"

"चौथ्यात पेट्रोल कमी लागतं."

"आणि हा आवाज? कधी ऐकू आला नाही?"

"आला की! म्हटलं, शर्यतीची गाडी, तिचा आवाज असाच असणार. मित्रांनाही मुद्दाम बोलावून ऐकवला."

आता कोडं सुटलं. शर्यतीत कुणी चौथ्या गियरमध्ये चढावर रेंगाळत नाही. त्यामुळे मंद इंजिन आणि पूर्ण दाबलेला पाय, 'मैदान'च्या सेटिंगमधला हा कोपरा मावशीनं कधी पळवून पाहिलाच नव्हता, अंदाजानं भरला होता. 'घर'च्या सेटिंगमध्येही तिथं फुंकर ठोक्याच्या अगदी जवळ होती. शनिवारभर काकांना त्याच चढावर वरखाली करायला लावून तिनं दोन्हीकडची फुंकर त्या कोपऱ्यात कमी केली. "माझा रियाज चाललाय," काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. खटक्यावरची जुनी नावं खरवडून तिथं आता 'साधं पेट्रोल' आणि 'शर्यतीचं पेट्रोल' लिहिलंय.

रविवारी गाडी शेवटच्या फेरीपर्यंत खणखणीत पळाली. डॉक्टरीणबाईंचा नंबर मधलाच आला, पण साधं पेट्रोल भरून त्या त्याच गाडीतून घरी गेल्या. शेजारी त्यांचे 'हे' गुपचूप बसले होते.

मावशीचं मात्र समाधान नाही. दिवा लागून उपयोग नाही म्हणते, काकांना तो सणाची रोषणाई वाटतो. काल हात पुसता पुसता मला विचारत होती, "तू शिकतेस ना हे सगळं? मग सांग. दुखतंय हे गाडीनं कुठल्या आवाजात सांगावं, म्हणजे चालवणाऱ्याला त्याचं कौतुक वाटणार नाही?"