जोडावरचं कुंकू

आमच्या दुकानात आप्पांच्या बैठकीसमोर, त्यांनी मान वर केली की दिसेल अशा बेतानं, मी एक मोडकी सायकलची फ्रेम टांगून ठेवली होती. आप्पा म्हणजे माझे वडील. गिऱ्हाईक विचारायचं, "ही भंगारात का न्हाई घालीत?" आप्पा मान खाली घालून हातातलं काम करत राहायचे. ती माझ्या नवऱ्याच्या सायकलीची फ्रेम होती, तिच्यामुळे त्याचा जीव गेला होता, आणि ज्यानं ती विकली त्याला मी सोडणार नव्हते.

परभणीत तेव्हा निजामाचं राज्य होतं. स्टेशनकडून धान्याच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आप्पांचं दुकान. तिथे आयती सायकल मिळत नसे. विलायती कारखान्यातल्या फ्रेमी मुंबईहून रेल्वेनं पोत्यात गुंडाळून यायच्या आणि आप्पा ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे सायकल बांधून द्यायचे. दूधवाल्याला मागे जाड कॅरिअर आणि दणकट चाक, उंच माणसाला उंच फ्रेम, म्हाताऱ्या मास्तराला पाय सहज टेकेल अशी. पण सगळं फ्रेमवर. ती वाईट निघाली तर वर काहीही चढवा, फुकट.

फ्रेमी सगळ्या एका साच्याच्या, एकाच काळ्या रंगाच्या. तरी पोतं सोडलं की आप्पा प्रत्येकीला मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे न्याहाळायचे. पुढून मागच्या टोकापर्यंत एका बाजूनं दोरा ताणायचा, मग तसाच दुसऱ्या बाजूनं. मधल्या उभ्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं नाही तर फ्रेम वाकडी, सायकल जन्मभर एकीकडे ओढणार. मग फ्रेम खुंटीला टांगून निजामाच्या हाली रुपयानं नळ्या वाजवायच्या. चांगली नळी गुंजत राहते. जोडात वितळवून भरलेलं पितळ नीट उतरलं नसेल तर आवाज बसतो. शेवटी प्रत्येक जोडावरून अंगठ्याचं नख फिरवायचं, पितळेची कड सगळीकडून सलग लागते का ते बघायला. "कारखान्याला एकेकीकडं बघायला येळ न्हाई," आप्पा म्हणायचे. "आपल्याला हाय."

माझा नवरा परभणीजवळच्या खेड्यातला, कापड विकायचा. सायकलमागे गठ्ठा बांधून पिंगळी, आणि तिकडे देवगाव फाट्यापर्यंत, जिथे बाजार असेल तिथे. आमचं लग्न झालं त्या सुमारास लढाई सुरू झाली आणि विलायती माल येईनासा झाला. त्याची जुनी सायकल अगदीच खिळखिळी झाली होती. आप्पा म्हणाले, "थांबा जावईबापू, माल येऊ द्या." त्यानं सगळा पावसाळा घरी बसून काढला. माल आला नाही. आणि दसऱ्याच्या तोंडावर पेठेतल्या शेठजीच्या दुकानात ओळीनं फ्रेमी टांगलेल्या दिसल्या. लढाईच्या आधीचा विलायती माल म्हणे, जपून ठेवलेला.

शेठजीच्या दुकानाची एक रीत होती. त्याच्याकडे फ्रेम पुजूनच मिळायची. हळदीकुंकवाची बोटं, लाल नाडा, झेंडूची माळ. खेड्यातली माणसं खूश असायची, कारण दुकानदारानंच पूजा करून दिली म्हणजे केवढा भला माणूस. आणि पुजलेल्या वस्तूवरचं कुंकू आमच्याकडे कुणी पुसत नाही. ते आपोआप झडेल तेव्हा झडेल.

ऐन दसऱ्याला मी माहेरी होते, तेव्हा माझा नवरा नवी सायकल घेऊन आप्पांना दाखवायला आला. इतका हरखला होता की चप्पल उलटसुलट घातली होती. आप्पांनी दोरा लावला. फ्रेम सरळ. रुपया वाजवला. मागं गुंजली, पुढं येता येता आवाज बसला. हँडल जिथे बसतं त्या आखूड नळीला आम्ही मान म्हणायचो. खालची तिरपी नळी त्या मानेला मिळते तो जोड, तिथे आवाज अगदी मेला. आप्पांचा अंगठा जोडाकडे गेला. जोडावर हळदकुंकू थापलेलं होतं आणि वरून नाड्याचे वेढे. अंगठा थांबला.

"नाड्यामुळं बसला असंल आवाज," आप्पा म्हणाले. "सण हाय. राहू द्या."

हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. अख्ख्या मोंढ्यात ज्याच्या नखाला मान होता, त्या माणसानं चिमूटभर कुंकवाखाली बघितलं नाही.

हिवाळा संपायच्या आत पिंगळीच्या अलीकडच्या उतारावर ती फ्रेम मानेपाशी तुटली. नवरा तोंडावर आपटला आणि मागचा कापडाचा गठ्ठा त्याच्या अंगावर आला. बैलगाडीत घालून आणलं. घरापर्यंत जिवंत पोचला नाही.

शेठजी भेटायला आला. पांढरं धोतर, चेहरा पाडलेला. माझ्या सासूजवळ बसून म्हणाला, "फ्रेम तर अस्सल विलायती व्हती. वझं लय लादायचे बिचारे." मग आवाज खाली करून, पण आतल्या खोलीत मला ऐकू येईल इतपतच खाली करून म्हणाला, "आन् लगीन झाल्यापासून त्यांचं काईच धड झालं न्हाई बघा. पायगुण असतो एकेकाचा." सासूला दोष द्यायला कुणीतरी हवंच होतं. महिना उलटायच्या आत माझी पेटी माहेरच्या वाटेला लागली, आणि पेटीवर ती मोडकी फ्रेमही बांधून दिली, घरात अपशकुन नको म्हणून. पायगुणाची गोष्ट माझ्या आधी परभणीत पोचली. पाणवठ्यावर बायका माझ्यासाठी वाट सोडायला लागल्या, मान देऊन नव्हे.

मी रडले ते रडले. मग एक दिवस ती फ्रेम उन्हात घेऊन बसले आणि तुटलेली कड बघितली. कडेचा थोडाच भाग पांढरा, चकचकीत होता. बाकी सगळी कड काळी पडलेली, आणि त्या काळ्यात लाख भरलेली. म्हणजे उतारावर तुटलं ते उरलंसुरलं. मूळ तडा फ्रेम विकण्याच्या आधीच गेलेला होता. तड्यात लाख, लाखेवर रंग, रंगावर कुंकू. मी ती कड आप्पांसमोर धरली. त्यांनी नख फिरवलं आणि ते रडायला लागले. मला त्यांच्या रडण्याचा संताप आला. त्याच दिवशी मी फ्रेम त्यांच्या समोर टांगली.

त्यानंतर मी दुकानाच्या मागच्या खोलीत बसायला लागले. दोरा, रुपया, नख, सगळं शिकले. एक गोष्ट माझी मीच काढली. जोडावर ओला चुना लावून वाळवायचा आणि नळीत आतून घासलेट सोडायचं. केसाएवढा तडा असला, वरून लाखेनं बुजवलेला असला, तरी घासलेट कडेनं झिरपतं आणि पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ उमटते. विधवा बाई फ्रेमी तपासते यात कुणाला वावगं वाटलं नाही, कारण कुणाला दिसतच नव्हतं.

दुरुस्तीला येणाऱ्या मोडक्या सायकलींवर माझी नजर असायची. एकाचे दात गेले, एकाचा हात मोडला. फ्रेम शेठजीची, तुटली मानेच्या खालच्या जोडाशी, आत लाख. हळूहळू मला उमगलं. कारखान्यानं त्या मापाच्या फ्रेमीत खालची नळी पातळ घेतली होती, म्हणून सगळ्या तिथेच तडकायच्या. तडकल्या म्हणून त्या भंगारात निघाल्या, आणि शेठजीनं त्या भंगाराच्या लिलावातून पोत्यांनी उचलल्या, हे स्टेशनवरच्या हमालांकडून कळलं. वजनावर घेतलेलं लोखंड तो कुंकू लावून विकत होता. आणि पायगुण माझा.

आप्पा म्हणाले, "अमीनसाहेबाला सांगू." अमीन म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, तो शेठजीकडे पान खायला बसायचा. मी म्हणाले, तुम्ही काही करू नका, तुम्ही करायच्या वेळी केलं नाही. आणि मी दसऱ्याची वाट बघत बसले. आप्पांचा अंगठा ज्या सणानं थांबवला, त्याच सणाला मला पेठेत जायचं होतं.

दसऱ्याला सकाळीच निघाले. आप्पांची चुन्याची डबी आणि घासलेटची बाटली बरोबर घेतली. कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. शेठजीच्या ओट्यावर ही गर्दी. ओळीनं फ्रेमी टांगलेल्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा. आणि पुढे, सगळ्यांना दिसेल अशी, एक पूर्ण बांधलेली नवी सायकल. शेठजीचा जावई सणाला आला होता, त्याला द्यायची. मी ती नीट बघितली आणि मला हसूच आलं. तिच्या हँडलला कुंकू होतं, सीटला होतं, घंटीला होतं. मानेचा जोड कोरा, काळाभोर, चकचकीत. बाकी एकूण एक फ्रेमला कुंकू फक्त जोडावर.

एक म्हातारा शेतकरी लेकासाठी फ्रेम निवडत होता. मी त्याच्याजवळ गेले.

"बाबा, शेठजीच्या जावयाच्या सायकलीला कुंकू कुठं हाय बघा. आन् तुमच्या हातातलीला कुठं हाय ते बघा."

म्हातारा आळीपाळीनं बघायला लागला. शेठजीनं मला ओळखलं. "ए बाई, सणासुदीचं हितं काय काम तुझं? घरी जाय."

"काम हाय. कुंकू पुसायला आले."

गर्दी एकदम मागे सरकली. पुजलेलं कुंकू पुसलं तर घराचं काहीतरी वाईट होईल, ही त्यांची भीती. माझं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी नाडा तोडला, पदरानं जोड खसाखसा पुसला, चुना लावला आणि फ्रेम उन्हात धरली. शेठजी ओरडत होता, पण म्हाताऱ्यानंच त्याला हातानं थांबवलं. चुना वाळल्यावर फ्रेम मानेवर उलटी केली आणि पायडलचा आस बसतो त्या भोकातून नळीत घासलेट सोडलं. पांढऱ्या चुन्यावर काळी रेघ उमटली आणि जोडाच्या अर्ध्या वेढ्याला फिरली.

"तडा हाय की ह्यो," म्हातारा म्हणाला.

"व्हय बाबा. माझा नवरा असल्याच तड्यानं गेला."

शेठजी लोकांकडे वळला. "हिनं हात लावला म्हणून गेला तडा! हिचा पायगुण ठाव हाय ना समद्यास्नी?" आणि खरं सांगते, काही मुंड्या हलल्या. मला वाटलं, हरले.

मग माझी नजर जावयावर गेली. "बरं," मी म्हणाले. "तसंच असंल. मग शेठजी, मी हात न लावलेली ह्यातली एक फ्रेम जावयाला द्या. त्यांची सायकल ह्या बाबाच्या लेकाला द्या. माल तर एकच हाय ना?"

जावई साधा पोरगा होता. म्हणाला, "द्या की मामा. कंचीबी द्या."

शेठजीनं त्या ओळीकडे बघितलं. मग जावयाकडे बघितलं. आणि तो जावयाच्या सायकलीसमोर आडवा जाऊन उभा राहिला. ओट्यावरच्या प्रत्येक माणसाला ते दिसलं.

मग मी ओळीच्या एका टोकापासून सुरुवात केली आणि सगळ्या फ्रेमींवरचं कुंकू पुसलं. ज्यांना तडा कळला ते तड्यामुळे परत गेले. ज्यांना कळला नाही ते विधवेनं कुंकू पुसलेली वस्तू घरात नको म्हणून परत गेले. मला दोन्ही चालत होतं. शेठजीनं हात जोडले. "बाई, पोटावर पाय देऊ नको." मी त्याच्याकडे बघत शेवटची फ्रेम पुसली. मला फार बरं वाटलं. त्याची मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

दिवाळीच्या आत त्यानं दुकान गुंडाळलं. सासूचा निरोप आला की झालं गेलं विसरून ये. मी निरोप्याला पाणी दिलं, उत्तर दिलं नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी पेठेतून मी घरी आले तेव्हा आप्पा बैठकीवर बसले होते. माझ्या आधीच गावानं त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी समोरच्या फ्रेमकडे बोट केलं.

"उतरव बाई आता ती. झालं तुझ्या मनासारखं."

मी हातावरचं कुंकू धूत होते. "त्याचं झालं, आप्पा," मी म्हणाले. "तुमचं न्हाई झालं."

त्यानंतर दुकानात आलेल्या प्रत्येक फ्रेमच्या जोडावरून माझंच नख फिरलं, दसऱ्यालाही फिरलं, आणि आप्पा समोर बसून बघत राहिले. ती फ्रेम मी उतरवली, पण आप्पांना घाटावर पोचवून मंडळी परत आली त्या दिवशी.